मनमाडच्या बापाची साक्ष

त्या देशाचं नाव मी इथे लिहिणार नाही. ती मुलगी अजून तिथल्या तुरुंगात आहे, आणि तिच्या वडिलांनी माझ्याकडे एवढी एकच गोष्ट मागितली होती, की लिहिलंत तर आमच्यापैकी कुणाचं नाव येऊ देऊ नका. देशाचं नाव आलं की माणसांची नावं शोधून काढायला लोकांना वेळ लागत नाही.

मी नाशिकला एका ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. निवृत्त झाल्यावर भाषांतराची कामं घ्यायला लागले. द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्यांचे करार, बाहेर शिकायला निघालेल्या मुलांचे जन्मदाखले, कधी औषधाच्या खोक्यात घालायची घडीची माहितीपत्रकं. घरबसल्या होणारं, डोकं फार न तापवणारं काम. दुभाषी म्हणून कोर्टात मी पूर्वी एकदाच उभी राहिले होते, तेही जमिनीच्या एका वादात. त्यामुळे कोर्टातून फोन आला तेव्हा मला वाटलं, तसंच काहीतरी असणार. फोनवरच्या माणसाने सांगितलं की बाहेरच्या एका देशातून विनंती आली आहे, अमली पदार्थांची केस आहे, साक्षीदार मनमाडचे आहेत आणि त्यांना मराठीशिवाय दुसरं काही येत नाही.

अमली पदार्थांच्या तपासात देशांनी एकमेकांना मदत करायची असे करार असतात, हे मी पेपरात वाचलेलं होतं. माझ्या डोळ्यांपुढे त्याचं चित्र म्हणजे दोन मंत्री, टेबलावर दोन छोटे झेंडे आणि फोटोसाठी लांबवलेलं हस्तांदोलन. प्रत्यक्षात तो करार मला दिसला तो कोर्टाच्या वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत. भिंतीवर मोठा टीव्ही, त्याच्यावर बसवलेला कॅमेरा, आणि माईकमध्ये आवाज जातो म्हणून बंद केलेला पंखा. मे महिना होता. सगळे घामाने निथळत होतो.

तिथे हजर असलेल्या अमली पदार्थविरोधी खात्याच्या अधिकाऱ्यांनी मला थोडक्यात माहिती दिली. मुलगी सव्वीस वर्षांची, नर्सिंग झालेली. नाशिकमधल्या एका एजंटाने तिला परदेशात म्हाताऱ्या माणसांची काळजी घेण्याची नोकरी मिळवून दिली. विमानतळावर उतरल्यावर तिच्या बॅगेचा तळ उचकटला तेव्हा खाली दुसरा तळ निघाला आणि त्यात पावडरीच्या चपट्या पुड्या. बॅग एजंटाने दिली होती, आत काय आहे ते मला माहीत नव्हतं, असं तिचं म्हणणं. तिथल्या सरकारी वकिलांना तिच्या वडिलांची साक्ष हवी होती, कारण जायच्या आदल्या दिवशी ती बॅग मनमाडला त्यांच्या घरी होती आणि स्टेशनवर त्यांनीच ती उचलून गाडीत ठेवली होती. तिला माहीत होतं का, या एका प्रश्नावर सगळी केस उभी होती.

वडील बाहेर बाकावर बसले होते. उंच, काळेसावळे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हाताचे पंजे शरीराच्या मानाने मोठे. आयुष्यभर रेल्वेत ट्रॅकमन होते, नुकतेच निवृत्त झाले होते. शेजारी त्यांची बायको, मांडीवर डब्याची पिशवी. मी साक्षीदाराशी आधी बोलायचं नाही असं मला बजावलं होतं, पण मी जवळून जाताना त्यांनी उठून नमस्कार केला आणि विचारलं, "तुमी आमच्या बाजूच्या का त्यांच्या?"

मी म्हटलं, कुणाच्याच नाही. तुम्ही जे बोलाल ते त्यांना सांगायचं आणि ते बोलतील ते तुम्हाला. कमी नाही, जास्त नाही.

"मंग बरंय," ते म्हणाले आणि परत बसले.

त्यांच्या बायकोने इथलं काम चालवणाऱ्या मॅजिस्ट्रेटसाहेबांकडे निरोप पाठवला होता की मला नुसतं दारात उभं राहू द्या, लेकीला बघू द्या. परवानगी मिळाली नाही. उद्या गरज पडली तर त्यांचीही साक्ष घ्यावी लागेल आणि एका साक्षीदाराने दुसऱ्याची साक्ष ऐकायची नसते. हे त्यांना शिपायाने समजावलं. त्यांनी मान हलवली, पण डोळे दारावरून काढले नाहीत.

टीव्हीवर आधी तिथलं कोर्ट दिसलं, लाकडी आणि स्वच्छ, माणसं अंगात कोट घालून आरामात बसलेली. मग चौकोन बदलला आणि ती दिसली. राखाडी शर्ट, कानाच्या वर कापलेले केस, दोन्ही बाजूंना एकेक पोलीस बाई. ती आमच्याकडे नाही, आपल्या समोरच्या पडद्याकडे बघत होती, म्हणजे वडिलांकडेच बघत होती, पण आम्हाला ती भलतीकडेच बघतेय असं वाटत होतं. वडील उठून उभे राहिले. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी बसायला सांगितलं तरी त्यांना ऐकू गेलं नाही. मी हळूच म्हटलं, "दादा, बसा." तेव्हा बसले.

कामाची रीत अशी होती. तिथले वकील त्यांच्या भाषेत विचारायचे. तिथला दुभाषी ते इंग्रजीत सांगायचा. मी ते मराठीत आणायचे. उत्तर त्याच वाटेने उलटं जायचं. तो तिकडचा दुभाषी मला शेवटपर्यंत दिसला नाही. वयस्कर, सावकाश बोलणारा आवाज होता. प्रत्येक वाक्यानंतर थोडा वेळ नुसती शांतता जायची, आणि त्या शांततेत ती मुलगी आपल्या बापाचं मराठी उत्तर सगळ्यांच्या आधी ऐकून बसलेली असायची.

ईश्वरसाक्ष खरं सांगेन असं त्यांनी म्हटलं. सुरुवातीचे प्रश्न सोपे होते. बॅग कधी आली, कुणी आणली, रंग कोणता. त्यांनी सांगितलं की पोरगी स्वतःच नाशिकहून घेऊन आली, कंपनीनं दिली म्हणाली, निळी होती. कपडे तिने आणि तिच्या आईने भरले. मग वकिलांनी विचारलं की बॅग तुम्ही उचलली होती का.

"उचलली की. भरायच्या आधीच उचलली व्हती, माळ्यावर ठेवायला."

काही वेगळं वाटलं का?

त्यांनी आपल्या पंजाकडे पाहिलं. मग म्हणाले, "जड वाटली. मी तिला म्हनलो, बाई, ही रिकामीच जड हाय."

ती काय म्हणाली?

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. मला त्या क्षणी वाटून गेलं की आता ते म्हणतील, आठवत नाही. म्हणाले असते तर कुणी काही करू शकलं नसतं. पण ते म्हणाले, "ती म्हनली, अण्णा, हिची चाकं लोखंडाची हायत, म्हनून."

चाकं लोखंडाची होती का?

"नाय. पलास्टिकची."

हे तुम्ही तिला सांगितलं का?

"नाय सांगितलं. पोरगी जायला निघाली व्हती. खुशीत व्हती."

मी ते इंग्रजीत सांगितलं. 'खुशीत' या शब्दाला मी साधा शब्द वापरला. तिकडून कागदावर पेन चालल्याचा आवाज येत होता. मुलीने मान खाली घातली होती.

त्यानंतर वकिलांनी एक फोटो दाखवायची परवानगी मागितली. पडद्यावर पुड्या आल्या, पांढरट, ओल्या मिठासारख्या दिसणाऱ्या पावडरीने भरलेल्या. हा पदार्थ तुम्ही ओळखता का, असा प्रश्न होता. मला वाटतं त्यांना 'नाही' अशा उत्तराचीच अपेक्षा होती. नुसतीच एक पायरी ओलांडून पुढे जायचं होतं.

"वळखतो," ते म्हणाले.

कसं काय?

"माझ्या घरात हाय ती."

मी थांबले. हे वाक्य आहे तसं इंग्रजीत नेलं असतं तर एका बापाने भर कोर्टात कबूल केलं असतं की माझ्या घरी हा माल आहे. मला माझ्या मनाने त्यात भर घालता येत नव्हती. मी वाक्य होतं तसंच सांगितलं आणि लगेच म्हटलं की मराठीत याचे दोन अर्थ होतात, साक्षीदाराला विचारून खुलासा करायची परवानगी द्यावी. आमच्या मॅजिस्ट्रेटसाहेबांनी मान डोलावली, तिकडच्या न्यायाधीशांनीही होकार दिला. मी विचारलं, घरात म्हणजे कुठे?

"पोराच्या अंगात," ते म्हणाले. "माझ्या पोराच्या. हिच्या धाकट्या भावाच्या. आधी गोळ्या खायचा, मंग ही लागली. एमडी म्हनत्यात हिला. दोन दोन दिवस झोपत नाय, मंग दोन दिवस उठत नाय. कॉलेज गेलं. दात गेले. मी त्याच्या खिशातून काढून मोरीत टाकलेली हाय ती, म्हनून वळखतो."

मुलीने दोन्ही तळवे चेहऱ्यावर धरले. पोलीस बाईने तिच्या खांद्यावर हात ठेवला, की सरळ बस.

त्यानंतर जे झालं ते मी अजून विसरले नाही. सरकारी वकील उठले आणि म्हणाले, म्हणजे तुमच्या मुलीने हा पदार्थ जवळून पाहिलेला होता, त्याने काय होतं हेही तिला माहीत होतं? वडील म्हणाले, हो, तीच त्याला धुवायची-पुसायची, तीच खाऊ घालायची, मारही तिनेच खाल्लाय. मग तिचा स्वतःचा वकील उठला. तरुण होता, बोलण्यात घाई होती. त्याने तेच वाक्य उचललं आणि उलटं फिरवलं. ज्या घरात सख्खा भाऊ या पदार्थाने संपत चाललाय, त्या घरातली मुलगी हा पदार्थ जाणूनबुजून दुसऱ्याच्या घरात नेईल का? एकाच माणसाचं एकच उत्तर दोघं दोन टोकांनी ओढत होते आणि मधे मी दोन्ही बाजू सारख्याच आवाजात सांगत होते.

तरुण वकिलाने शेवटी थेट विचारलं, "तुमची मुलगी हे जाणूनबुजून करेल असं तुम्हाला वाटतं का?"

मी ते मराठीत सांगितलं. तेवढ्यात तिकडे सरकारी वकिलांनी हरकत घेतली होती, पण ती हरकत भाषांतर होऊन आमच्यापर्यंत पोचायच्या आत वडिलांनी उत्तर दिलं.

"मला ठाऊक नाय साहेब," ते म्हणाले. "रोज इचार करतो. मला ठाऊक नाय."

न्यायाधीशांनी हरकत मान्य केली. साक्षीदाराला काय वाटतं हा पुरावा होत नाही, उत्तर भाषांतरित करू नये, असं त्यांनी सांगितलं. म्हणून ते उत्तर इंग्रजीत गेलं नाही, त्या दुसऱ्या भाषेतही गेलं नाही. कुठे नोंदलं गेलं नाही. पण त्या दोन खोल्यांत मराठी कळणारी माणसं होतीच. मी होते, मॅजिस्ट्रेटसाहेब होते, खात्याचे अधिकारी होते. आणि ती होती. तिने चेहऱ्यावरचे हात काढले आणि पडद्याकडे बघत राहिली.

साक्ष संपली. तिच्या वकिलाने विनंती केली की बाप-लेकीला दोन मिनिटं बोलू द्यावं. न्यायाधीशांनी परवानगी दिली, पण जे बोलाल ते केसबद्दल नको आणि सगळं भाषांतरित व्हायला हवं. आता बोला, असं मी वडिलांना सांगितलं. त्यांनी आधी शर्टाची बाही सरळ केली.

मग त्यांनी विचारलं, "तिकडं पाणी रोज येतं का?"

मनमाडच्या माणसाने दुसरं काय विचारायचं? त्या उन्हाळ्यात त्यांच्या गल्लीत पंधरा-पंधरा दिवसांनी नळ येत होता.

"रोज येतं अण्णा," ती म्हणाली. "नळ उघडला की येतं. दिवसभर."

"गोड हाय का?"

"गोड आहे."

"बरं."

मी ते इंग्रजीत सांगितलं. पलीकडच्या त्या म्हाताऱ्या आवाजाने ते त्याच्या भाषेत सांगितलं. त्या देशाच्या कोर्टाच्या दप्तरात ते कुठेतरी असेल. मग पडदा निळा झाला.

बाहेर आल्यावर त्यांच्या बायकोने एवढंच विचारलं, कशी दिसते. ते म्हणाले, केस कापलेत. आणखी काय, तिने विचारलं. बारीक झालीय, पण बरी हाय. त्या माउलीने डब्याची पिशवी उघडली आणि मला दोन दशम्या दिल्या, नको म्हटलं तरी. लेकीसाठी केल्या असाव्यात असं मला वाटून गेलं. पडद्यावर दिसणाऱ्या लेकीला दशमी कशी देणार, हे तिलाही ठाऊक असणार, पण आणल्या होत्या.

निकाल लागायला बरेच महिने गेले. दरम्यान मुलीने एजंटाबद्दल जे सांगितलं होतं त्यावरून इकडच्या आणि तिकडच्या पोलिसांनी एकाच सुमाराला दोन ठिकाणी धाडी घातल्या. एजंट इथे पकडला गेला, बॅग उतरवून घ्यायला येणारा माणूस तिथे. पेपरात छोटी बातमी आली. दोन देशांच्या सहकार्याचं यश, असं काहीतरी शीर्षक होतं. मुलीचा उल्लेख 'वाहक' असा होता.

निकालपत्राची इंग्रजी प्रत तिच्या वकिलाने पाठवली आणि वडिलांनी मला फोन केला, की आम्हाला वाचून दाखवाल का. मी नवऱ्याला घेऊन मनमाडला गेले. रुळांच्या पलीकडे दोन खोल्यांचं घर, ओट्यावर पाण्याची निळी पिंपं ओळीने लावलेली. आत खाटेवर मुलगा बसला होता. बावीस-तेवीसचा असेल, पण गालफडं बसल्यामुळे कधी पन्नाशीचा वाटे, कधी दहावीतला. मी आल्यावर तो उठून जाऊ लागला. वडील म्हणाले, बस हितंच, ऐक.

मी वाचत गेले आणि मराठीत सांगत गेले. न्यायाधीशांनी लिहिलं होतं की मुलीला नेमकं काय आहे हे माहीत होतं असं सिद्ध होत नाही. पण ज्या घराने हा पदार्थ आपल्या डोळ्यांनी पाहिला आहे त्या घरातल्या मुलीला रिकामी बॅग जड लागते, वडील तसं बोलून दाखवतात, आणि तरी ती विचारत नाही, उलट वडिलांची समजूत घालते, तेव्हा तिने विचारायचं मुद्दाम टाळलं असंच म्हणावं लागतं. आणि टाळणं हे कायद्याच्या नजरेत माहीत असण्यासारखंच आहे. तपासाला मदत केली म्हणून शिक्षा कमी केली होती. कमी करून दहा वर्षं.

खोलीत कुणी रडलं नाही. वडिलांनी विचारलं, म्हणजे माझ्या बोलण्यावर झालं का? मी म्हटलं, तुमचं बोलणं दोन्ही बाजूंनी वापरलं गेलं. खोटा धीर देण्यात अर्थ नव्हता.

तेव्हा खाटेवरचा मुलगा बोलला. मान वर न करता बोलला, म्हणून पहिल्यांदा मला नीट ऐकू आलं नाही.

"नंबर मीच दिला व्हता तिला. त्या एजंटाचा."

मनमाडात जो त्याला पुड्या द्यायचा त्यानेच एकदा सांगितलं होतं, तुझी बहीण नर्स आहे ना, बाहेर पाठवणारा एक माणूस आहे आपल्या ओळखीचा. त्याने नंबर आणून बहिणीला दिला. तिने विचारलं होतं, हा कुणाच्या ओळखीचा? आणि याने खरं सांगितलं होतं. तरी ती गेली. तिला या घरातून बाहेर पडायचं होतं, तो म्हणाला. माझ्यापासून लांब जायचं होतं.

मी वडिलांकडे पाहिलं. ते म्हणाले, "मला ठाऊक हाय. ती गेल्यावर आठ दिवसांनी सांगितलं त्यानं मला."

म्हणजे त्या दिवशी पडद्यासमोर बसताना त्यांना हे माहीत होतं. आणि तिने सगळ्या तपासात भावाचं नाव काढलं नव्हतं. एजंटाचा नंबर मैत्रिणीकडून मिळाला असं ती शेवटपर्यंत सांगत राहिली होती. खरं सांगितलं असतं तर भावाला पोलिसांनी उचललं असतं, आणि तिने नंबर कुठून आलाय हे माहीत असूनही घेतला, हेही बाहेर आलं असतं. दोन्ही एकाच दोरीने बांधलेलं होतं.

त्यांची बायको दाराशी बसून ऐकत होती. आता ती नवऱ्याकडे वळून म्हणाली, "तुमाला त्या वकिलानं इचारलं, पोरगी असं करंल का. तुमी नुसतं 'नाय' म्हनला असता तर काय गेलं असतं?"

ते म्हणाले, ते लिहूनच घेतलं नाही त्यांनी.

"तिनं तर ऐकलं ना," ती म्हणाली.

म्हणजे त्यांनी घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं होतं. स्वतःच सांगितलं होतं. ती उठून आत गेली आणि आम्ही निघेपर्यंत बाहेर आली नाही.

पुढच्याच आठवड्यात वडील मुलाला घेऊन नाशिकला आले आणि अमली पदार्थविरोधी खात्याच्या त्याच अधिकाऱ्यांसमोर त्याला बसवलं. त्याने पुड्या देणाऱ्या माणसापासून एजंटापर्यंत सगळं सांगितलं. मी तिथे नव्हते, तिथे मराठीच होती, दुभाषी लागणार नव्हता. पण वडिलांनी आदल्या दिवशी मला फोन करून विचारलं होतं, यामुळे तिकडं पोरीची शिक्षा वाढेल का. मी एका ओळखीच्या वकिलांना विचारून सांगितलं की लागलेली शिक्षा यामुळे वाढायची नाही बहुतेक, पण अपिलात कमी व्हायची जी थोडी आशा आहे ती जाईल. त्यांनी मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "तो मानूस अजून स्टेशनाबाहेर उभा असतो. दुसऱ्याची पोरं घेत्यात त्याच्याकडून." दुसऱ्या दिवशी ते आले.

तो माणूस पकडला गेला. आता त्याच्या जागी दुसरा उभा असतो, असं मुलगाच एकदा म्हणाला. अपील फेटाळलं गेलं. मुलाच्या जबाबामुळे की कसं, ते कुणी सांगितलं नाही.

एक वाट उरली होती. आपल्या आणि त्या देशात असाही करार आहे, की शिक्षा झालेल्या माणसाला उरलेली शिक्षा आपल्या देशातल्या तुरुंगात भोगता येते. दोन्ही सरकारांनी हो म्हणावं लागतं आणि कैद्यानेही. वडिलांनी अर्ज केला, मी त्याचं इंग्रजी करून दिलं. नाशिकरोडच्या तुरुंगात आणता आलं तर आठवड्याला भेटता येईल, असं त्यांच्या बायकोने मनाशी धरलं होतं. ती माझ्याशी फोनवर तेवढंच बोलायची, कागद कुठवर आला. वर्ष होऊन गेलं. दिल्लीहून उत्तर यायचं, मग तिकडून एखादं राहिलेलं पत्र मागितलं जायचं.

परवा सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मला वडील भेटले. मी नवऱ्याच्या डोळ्यांच्या तपासणीला गेले होते. ते मुलाला दर आठवड्याला मनमाडहून सकाळच्या गाडीने घेऊन येतात, व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांकडे. मुलगा मधे पाच-सहा महिने नीट होता, कांद्याच्या खळ्यावर कामाला जात होता. मग घसरला. मग पुन्हा नीट. आता कसा आहे असं मी विचारलं नाही. तो चहा आणायला गेला होता.

बाकावर बसल्यावर त्यांनीच सांगितलं की दोन्हीकडच्या सरकारांचा होकार आला. मी म्हटलं, मग?

"तीच नाय म्हनली," ते म्हणाले. "फोनवर सांगितलं मला. म्हनली, अण्णा, हितं दवाखान्याच्या वार्डात काम देत्यात. हितं मला कुनी वळखत नाय. मी हितंच पुरं करते."

आणखी काही म्हणाली का?

"आईला तुमीच सांगा म्हनली."

सांगितलं का, मी विचारलं. त्यांनी मान हलवली. सांगितलं होतं. त्यांच्या बायकोने स्वयंपाक केला, दोघांना वाढलं, आणि मग लेकीचे कपडे जे नाशिकरोडला द्यायचे म्हणून वेगळे काढून ठेवले होते ते परत कपाटात लावले.

बोलताना त्यांचं लक्ष सगळा वेळ गेटकडे होतं. चहाची टपरी गेटबाहेर पन्नास पावलांवर आहे, आणि मुलगा जाऊन बराच वेळ झाला होता. त्यांनी दोनदा उठून पाहिलं. मीही पाहत होते. शेवटी तो गर्दीतून येताना दिसला, हातात तीन कप एकमेकांना चिकटवून धरून, जपून चालत. वडील उभे राहिले. त्याने पुढे केलेला कप त्यांनी लगेच घेतला नाही. आधी त्याची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या. मुलगा हलला नाही, त्याला सवय असावी. मग त्यांनी कप घेतला, मला दिला, आणि आतून मुलाचं नाव पुकारलं म्हणून दोघं आत गेले.